पुडीच्या कागदावरची गोष्ट

हिंगणीचे महादेवराव गुरुजी जन्मभर गोष्टी लिहीत राहिले. छापली मात्र कोणी एकही नाही. ते गेल्यावर त्यांच्या पत्नी देवकाबाईंनी वह्यांचा गठ्ठा बंडूजींच्या किराणा दुकानात रद्दीत देऊन टाकला. जिऱ्याची पुडी बांधण्याआधी बंडूजी प्रत्येक पान वाचून काढायचे. वाचता वाचता त्यांचाही हात शिवशिवू लागला आणि एकोणऐंशी साली ते स्वतःच लिहायला बसले.

एका दुपारी त्यांनी गिऱ्हाइकांना स्वतःची अर्धी झालेली गोष्ट वाचून दाखवली, बोरच्या जंगलात वाट चुकलेल्या पोस्टमनची. दाराशी उभ्या देवकाबाई पांढऱ्याफटक पडल्या.

"हे त्यायनं कागदावर लिवलंच नाई. जायच्या दिवशी फक्त मले सांगून राह्यले होते."

"मंग पुढे काय झालं, काकू?" बंडूजींनी विचारलं.

"मी पाणी आणाले उठली. आली तं सारं संपलं होतं."

बंडूजींनी हातातल्या पानाकडे पाहिलं. तळाची एक ओळ त्यांनी वाचली नव्हती. सकाळी ती लेखणीतून आपसूक उतरली होती आणि गोष्टीत कुठेच बसत नव्हती:

'पाणी राहू दे देवका, आधी शेवट ऐकून घे.'