डावीकडचा ब्रेक

मी एक जुना ब्रेक आहे. लगेच तोंड फिरवू नका, मित्रांनो. तुम्हाला माहीत असलेला ब्रेक तो मी नव्हे. तो गाडी चालवणाऱ्याच्या पायाशी असतो, उजवीकडे, आणि प्रत्येक गाडीला असतो. मी डावीकडचा. गाडी शिकवणाऱ्या मास्तरांच्या बाजूला जो आणखी एक ब्रेक बसवलेला असतो, तो मी. माझी ओळख फारशी कुणाला नसते. एका माणसाला होती, आणि त्यांच्याबद्दलच मला बोलायचे आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. एका गॅरेजवाल्याने मोडीत निघालेल्या ट्रकची पट्टी कापली, वाकवली, तिच्यावर रबराचा तुकडा चढवला आणि झालो मी तयार. मग एक लोखंडी दांडा आडवा घालून त्याने मला उजवीकडच्या ब्रेकशी जोडले. तेव्हापासून मी खाली गेलो की तोही खाली जातो आणि तो गेला की मीही. माझ्या डाव्या अंगाला त्याने एक क्लच बसवला. आमच्या बाजूला एवढेच. ॲक्सिलरेटर नाही. ‘शिकवणाऱ्याला वेग कशाला हवाय?’ असे म्हणत त्याने हात पुसले. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळे घोडे तिथेच अडले.

मास्तर त्या वेळी चाळिशीच्या आतले होते. पातळ तळाचे कापडी बूट ते मुद्दाम वापरत. जाड तळाच्या बुटात पायाला काही कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. दिवसभर त्यांचा उजवा पाय माझ्यावर असायचा. दाबलेला नव्हे, नुसता टेकलेला. शिकाऊ माणसाला तो दिसायचाही नाही. पुढे दोनदा गाडी बदलली, पण दोन्ही वेळा मास्तरांनी मला जुन्या गाडीतून काढून नवीत बसवून घेतले. गॅरेजवाला म्हणाला, नवा करून देतो की. मास्तर म्हणाले, ‘नको, याची सवय आहे.’ मित्रांनो, इतके चांगले माझ्याबद्दल पुन्हा कुणी बोलले नाही.

एकतीस वर्षे आम्ही मिळून शिकवले. एक शिंपी यायचा, तो स्टिअरिंग असे ओढायचा जणू कापडाची सुरकुती काढतोय. एक नर्स होती, ती चुकली की रस्त्याची माफी मागायची. कोपऱ्यावरची बेकरीवाली तर डावीकडे म्हटले की हमखास उजवीकडे वळायची आणि वर मास्तरांनाच विचारायची, ‘मग आधी नीट सांगायचं ना?’ मास्तर कधी आवाज चढवत नसत. समोर अचानक सायकल आली, की शिकणाऱ्याचे हातपाय गळायचे आणि त्याच क्षणी मास्तरांचा पाय मला खाली न्यायचा. गाडी थांबायची. मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणायचे, ‘शाब्बास. वेळेवर थांबवलीस.’

शिकणाऱ्याला वाटायचे आपणच थांबवली. त्याची छाती फुगायची आणि दुसऱ्या दिवशी तो खरोखरच वेळेवर ब्रेक दाबायचा. मास्तरांची शिकवायची हीच तऱ्हा होती. त्यांच्या स्वतःच्या मुलीलाही, ती एकोणीस वर्षांची असताना, त्यांनी असेच शिकवले. मला श्रेय कधी मिळाले नाही. पण पाय उचलण्याआधी मास्तर मला टाचेने हलकेच थोपटत, आणि मला तेवढे पुरत असे.

मग वय झाले. गाडीवरची लाल अक्षराची पाटी उतरली, शिकवणी बंद झाली. त्याच्या पुढच्या वर्षी मास्तरांची बायको गेली. मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. ती दातांच्या कवळ्या बनवते आणि तिथे कामाला सुट्टी अशी नसतेच. घरात मास्तर एकटे. आता गाडी ते स्वतःच चालवू लागले, आणि मी पोरका झालो.

माझ्या समोरच्या जागेवर कधी पावाची पिशवी बसायची, कधी वर्तमानपत्र. पाय कुणाचाच नाही. मास्तर हातभर अंतरावर बसलेले असायचे, त्यांचे तेच कापडी बूट मला दिसायचे, पण ते दुसऱ्याच ब्रेकवर. हेवा वाटायचा, लपवून काय करू? त्यांनी तिकडे ब्रेक दाबला की दांड्याच्या ओढीने मी इकडे आपोआप खाली जायचो. अंगावर कुणी नाही आणि तरी खाली जायचे, हे काय असते ते तुम्हाला सांगून कळायचे नाही. एवढ्यावरच मी समाधान मानायचो, की ओढ तरी त्यांचीच आहे.

पण त्या ओढीनेच मला एक गोष्ट सगळ्यांच्या आधी कळली. पूर्वी मास्तर ब्रेक दाबायचे तो लोण्यासारखा, थांबायच्या कितीतरी आधी. आता तो उशिरा येऊ लागला, आणि आला की दचकून आल्यासारखा. कधी रिकाम्या रस्त्यावर उगाच यायचा. कधी यायला हवा तिथे यायचाच नाही. मी कुणाला सांगणार?

रस्त्यावरच्या लोकांना पुढे कळलेच. मास्तर रस्त्याच्या अगदी मधून, बैलगाडीला लाज वाटेल अशा बेताने चालवायचे. दिवा हिरवा झाला तरी विचार करत थांबायचे. वळण घ्यायचे ते दाखवायचे नाहीत आणि दाखवलेले घ्यायचे नाहीत. मागे हॉर्नचा गोंगाट व्हायचा. एकदा एक बसवाला खिडकीतून डोके काढून म्हणाला, ‘मास्तर, जरा एका बाजूने घ्या ना. आम्हाला पोटं आहेत.’

‘यालासुद्धा मीच शिकवलाय,’ मास्तर स्वतःशीच म्हणाले. ‘हॉर्न मात्र शिकवला नव्हता.’

मला त्या वेळी बसवाल्याचा राग आला. आज येत नाही. त्याच्या बसमध्ये चाळीस माणसे होती आणि पुढे कुठे वळेल याचा नेम नसलेली गाडी. त्याने तरी काय करावे? एका फाटकाला घासून डावा आरसा गेला, तेव्हा मास्तरांनी फाटकाला नावे ठेवली. मुलगी फोनवर विषय काढायची. मास्तरांचे उत्तर ठरलेले.

‘अर्ध्या गावाला मी गाडी शिकवलीय. मला तू शिकवणार?’

मग ती विषय बदलायची. आपल्या बापाला, त्यातून ज्याच्याकडे आपणच शिकलो त्याला, आता पुरे म्हणणे सोपे नसते. बेकरीवाली पण बघत होती, शेजारी बघत होते. सगळे जीव मुठीत धरून रस्ता ओलांडायचे आणि तोंडावर म्हणायचे, ‘काय मास्तर, बरंय ना?’

एका रविवारी मुलगी आली. सकाळचे अकरा वाजले असतील. मास्तर म्हणाले, पाव घेऊन येऊ. ती डावीकडे बसली. कितीतरी वर्षांनी माझ्यासमोर कुणी माणूस बसले होते. बेकरीसमोर गाडी लावायची जागा आहे, थेट दुकानाच्या काचेकडे तोंड करून. मास्तरांनी गाडी आत वळवली. बेकरीवाली आमच्याकडे पाठ करून काच पुसत होती. पायाशी बादली.

मी ओढीची वाट बघत होतो. ती आली नाही. इंजिन ओरडले आणि गाडी पुढे उसळली.

काय झाले ते मला कळले आणि तुम्हीही आता ओळखले असेल. आमच्या बाजूला दोनच पेडल होती, त्यात सगळ्यात उजवीकडचे पेडल म्हणजे मी. एकतीस वर्षे मास्तरांच्या पायाने एकच धडा गिरवला होता: संकट दिसले की सगळ्यात उजवीकडचे दाब. पण चालवणाऱ्याच्या बाजूला सगळ्यात उजवीकडे असतो ॲक्सिलरेटर. डोके तल्लख होते तोवर पाय ऐकत होता. आता डोके जरा मागे राहिले आणि पायाने जुना धडा म्हणून दाखवला. पाय मलाच शोधत होता, मित्रांनो. मी त्या जागी नव्हतो.

मुलीने दोन्ही पाय माझ्यावर आणले आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. इंजिन दोन आचके देऊन बंद पडले. बादली आडवी झाली होती. बंपर आणि बेकरीवालीची पोटरी यांत वीतभरही जागा नव्हती. ती वळली, आधी पांढरी पडली, मग मास्तरांना बघून हसण्याचा प्रयत्न करू लागली.

‘काय हो मास्तर, परीक्षा घेताय का माझी?’

मास्तर मुलीकडे वळून म्हणाले, ‘बघितलंस? वेळेवर दाबला.’

मुलीने ‘हो बाबा’ म्हटले की प्रकरण तिथेच मिटत होते. म्हाताऱ्या माणसाचा मान राहिला असता, पाव घेऊन सगळे घरी गेले असते. तिचे पाय माझ्यावर किंचित सैल झाले आणि मला वाटले, म्हणाली ही. मग ते पुन्हा घट्ट झाले.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘खाली बघा.’

मास्तरांनी खाली पाहिले. त्यांचा पाय अजून ॲक्सिलरेटरवरच होता. मग त्यांनी डावीकडे पाहिले. तिचे दोन्ही पाय माझ्यावर होते. इतक्या वर्षांनी त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि मला वाटले, नसते पाहिले तर बरे झाले असते.

‘मला वाटलं मीच थांबवली,’ ते म्हणाले.

‘मी शिकत होते तेव्हा मलाही वाटलं होतं. सगळ्यांनाच वाटायचं.’

‘तुला माहीत होतं?’

‘नंतर कळलं, बाबा. सगळ्यांनाच नंतर कळतं.’

मास्तर उतरले. त्यांनी बेकरीवालीची बादली उचलली, आतल्या नळावर भरून आणून ठेवली आणि तिच्यासमोर हात जोडले. तिने ते खाली केले. ती रडत होती, आणि मला वाटते घाबरल्यामुळे नव्हे. मग मास्तर गाडीकडे आले आणि चावी मुलीच्या हातात दिली. ‘तू चालव,’ म्हणाले, आणि मागचे दार उघडून मागे बसले. मी वाट बघत होतो की पुढे येतील, माझ्यापाशी. आले नाहीत.

त्या संध्याकाळी ती त्यांच्या घरी बराच वेळ थांबली. जाताना म्हणाली, ‘दर शनिवारी येईन, दहाला. कुठे जायचं ते तुम्ही सांगायचं.’

ती येते. पहिले काही शनिवार मास्तर मागेच बसत होते, आता पुढे बसतात, डावीकडे. कापडी बूट पुन्हा माझ्यासमोर असतात. तुम्हाला वाटेल आता माझे दिवस पालटले. तसे नाही. मास्तर दोन्ही पाय सीटखाली ओढून घेऊन बसतात. मुलगी वळण घेते, पुढे कुणी आडवे येते, त्यांच्या उजव्या पायाची बोटे बुटाच्या आत आवळलेली मला दिसतात, पण पाय पुढे येत नाही. आपल्या पायाचा भरवसा उरलेला नाही हे त्यांनी एकदाच समजून घेतले आणि पक्के समजून घेतले. मी त्या पायासाठी तळमळतो, आणि तो मागे राहतो म्हणून मला त्याचा अभिमान वाटतो. दोन्ही एकाच वेळी.

मुलगी चांगली चालवते. पण तिला कधी काम निघते, कधी ती विसरते. तिच्यावर मी रागावत नाही, तिचाही संसार आहे. फक्त एका शनिवारी काय झाले ते सांगतो. दहाला मास्तर खाली आले, दार उघडून डावीकडे बसले. साडेदहा झाले, अकरा झाले. त्यांनी आरसे पुसले. बारा वाजता शेजारीण विचारून गेली, ‘कुठे निघालात?’ ते म्हणाले, ‘हे काय, येतच असेल.’ एक वाजता त्यांनी सीटचा पट्टा सोडला. तोपर्यंत पट्टा लावूनच बसले होते.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी आजोबा-आजी असतील ज्यांचा ब्रेक आता उशिरा लागतो. त्यांच्यावर मागून हॉर्न वाजवू नका आणि समोर खोटेही बोलू नका. बेकरीवालीच्या पोटरीपर्यंत थांबू नका. जवळ बसून खरे सांगा, त्यांनी तुम्हाला शिकवले त्याच मायेने. चावी मागून घ्या. आणि चावी घेताना ज्या दिवशी येईन म्हणालात, त्या दिवशी या. ते बूट घालून दहालाच गाडीत बसलेले असतात.