थेंब गळतो म्हणून

आबांनी किल्ली काढून घेतली ती न बोलता. मी चप्पल सरकवली, सवयीने खुंटीकडे हात वर केला, तर खुंटी मोकळी. वळून बघते तो आबांच्या सदऱ्याच्या खिशातून किल्लीचा लाल गोंडा बाहेर लोंबत होता.

"आबा, किल्ली?"

"राहू दे आज."

"राहू दे काय? दवाखान्याच्या चादरी पोचवायच्यात. लाँड्रीत गठ्ठे बांधून तयार असतील."

"दादा नेईल भाड्याच्या टेम्पोतून. तू त्या इंजिनाची वाट लावलीस. संध्याकाळी जुन्या गाड्या घेणारा येतोय. चालतेय तोवर देऊन टाकू."

हे असं. ना विचारणं, ना पुसणं. ती पिकअप मी चालवते म्हणून घरात माझ्या शब्दाला किंमत आहे, हे आबांनाही ठाऊक आणि मलाही. धुतलेल्या चादरी दवाखान्यात न्यायच्या, मळलेल्या परत आणायच्या, आणि वाटेत एखादं भजन मोठ्याने म्हणायचं. ऐकायला इंजिनाशिवाय कोणी नसतं, आणि ते बिचारं ठेका सोडत नाही. गाडी गेली की मी पुन्हा आईच्या मागे-मागे भांडी पुसत फिरणार. तेही काम वाईट नाही, पण ते माझं नाही.

दादा चहाच्या कपावरून बघत होता. "आबा बरोबर बोलतात. गाडी हाणतेस तू. टर्बो आहे म्हणून काय विमान समजायचं?"

"कधी बसलायस माझ्या शेजारी?"

"बसायला कशाला पाहिजे? इंजिनच सांगतंय. तेल मोजायची पट्टी बंदुकीच्या गोळीसारखी वर उडते. मी तारेने बांधून ठेवली म्हणून बरं. मागून निळा धूर. खाली सगळं इंजिन तेलाने माखलेलं. भोंग्याला फोनवर सांगितलं, तो म्हणाला पिस्टनच्या रिंगा गेल्या. रिंगा कशाने जातात? हाणल्याने जातात."

भोंगा म्हणजे गल्लीच्या टोकाचा मेकॅनिक, दादाचा शाळासोबती. आवाज असा, की तो कुजबुजला तरी पलीकडच्या दुकानदाराला कळतं. त्याने फोनवर ऐकलं आणि रोग सांगितला. दादाने तो आबांना सांगितला. आबांनी शिक्षा ठरवली. बॉनेट मात्र कोणी उघडलं नाही. माणसाला फाशी देतानाही आधी त्याचं नाव विचारतात हो!

मी काही बोलणार तोच आईने मला स्वयंपाकघरात खेचलं. साखरेच्या डब्यामागे हात घालून तिने दुसरी किल्ली काढली आणि माझ्या मुठीत कोंबली.

"जा, भोंग्याला गाडी दाखवून आण. पण हळू ने."

"तूसुद्धा हळूच म्हणतेस?"

"अगं, बोलायची रीत आहे ती. निघ आता, ते दाढीला बसलेत तोवर."

गल्लीच्या टोकापर्यंत जाताना मी भजन म्हटलं नाही. गाडीतून कढत तेलाचा वास येत होता आणि माझ्या डोक्यातून काय येत होतं ते देवालाच माहीत.

भोंगा टायरवर बसून पाव खात होता. मला बघून ओरडला, "ताई! आलात? रिंगा! मी सांगितलं ना दादाला, रिंगा!"

"न बघता?"

"लक्षणं ऐकली की पुरतं."

"तुमच्या पोटात दुखलं तर डॉक्टरने फोनवर पोट कापलेलं चालेल तुम्हाला?"

त्याने पाव खाली ठेवला. बॉनेट उघडलं, दादाची ती तार बघून हसला, सोडली. गाडी सुरू ठेवायला सांगून इंजिनात तेल ओतायचं झाकण फिरवून नुसतं वर टेकवलं. झाकण तापलेल्या पातेल्यावरच्या ताटलीसारखं थडथड नाचायला लागलं, आणि खालून धूर भसाभस.

"बघा," तो म्हणाला, जरा मवाळ आवाजात, म्हणजे समोरच्या दुकानातल्यांनाच ऐकू जाईल इतक्या. "सिलिंडरमधला दाब रिंगांच्या फटीतून खाली इंजिनाच्या पोटात उतरतोय. थोडा तर नव्या गाडीतही उतरतो. टर्बोवाल्यात जास्तच. पण एवढा? इंजिन उतरवावं लागणार."

"थोडा उतरतो तो जातो कुठे?"

"ब्रीदरमधून. हा पाईप बघा. वरून निघतो, मागून खाली जातो, गाडीच्या पोटाखाली उघडा सोडलेला असतो. इंजिनाचं नाकच म्हणा ना. धूर जातो, जोडीला तेलाचे थेंब."

थेंब. त्या थेंबाला मी वर्षानुवर्षं ओळखत होते. दारात गाडी उभी राहिली की त्या पाईपखाली फरशीवर नाण्याएवढा काळा डाग पडायचा. आई राखेने घासायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग. मी वाकले, मग सरळ जमिनीवर आडवी झाले आणि गाडीखाली बघितलं. इंजिनाचा तळ तेलाने निथळत होता, आणि गळायचा हक्क ज्याचा, तो पाईप खडखडीत कोरडा.

"अहो, गाडी बंद करा. हा कोरडा कसा?"

"कोरडा?" भोंगा गुडघ्यांवर आला, मग पोटावर. बराच वेळ आम्ही दोघं सरड्यासारखे त्या पाईपकडे बघत पडून होतो. मग त्याने हात घालून पाईपचं तोंड चाचपलं, पक्कड मागितली, पिळून पिळून काहीतरी उपसलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

लाकडी बूच. एका टोकाला निमुळतं, चाकूने सुबक तासलेलं. त्याला ताग गुंडाळलेला, नेमका उजव्या वळणाने, आणि वर सफेद्याच्या पांढऱ्या लेपाचा हात फिरवलेला.

"ही कसली करामत?" भोंगा ओरडला. "इंजिनाचं नाक दाबलंय कोणीतरी! मग दाब जाणार कुठे? पट्टी उडवणार, तेल अडवणाऱ्या सीलमधून तेल बाहेर ढकलणार. टर्बोतलं तेल परत खाली उतरू शकत नाही, ते जळतं, म्हणून निळा धूर. कोणा गाढवाने..."

"थांबा," मी म्हटलं. "गाढव म्हणू नका."

कारण मला गाढव ठाऊक होतं. त्याने मला चालायला शिकवलं होतं.

आबा जन्मभर नळाचं काम करत आले. आमच्या घरात एका डब्यात अशी बुचं नेहमी तासून ठेवलेली असतात, लहानमोठी, उतरत्या भाजणीने. लहानपणी मी त्यांच्या बाहुल्या करायची. ताग उजव्या वळणाने गुंडाळावा, म्हणजे पिळताना सुटत नाही, हे मला अक्षरओळखीआधी येत होतं. आणि त्यांचं एक वाक्य घरात देवाच्या नावाइतकं ऐकलेलं: गळती दिसली की आधी बूच, मग चौकशी.

आता आठवलं. दारात नवी फरशी बसवली तेव्हा शेजारचे काका त्या काळ्या डागाकडे बघून हसले होते. "काय हो, नळवाल्याच्याच दारात गळती?" आबांनी त्यानंतर गाडीखाली घुसून बूच मारलं असणार. तेल की पाणी, नळ की इंजिन, बघायला नको. थेंब दिसला, तोंड बंद. आणि त्यानंतर गाडी तेल ओकायला लागली तेव्हा दोष कोणाचा? जिच्या हातात चाक, तिचा!

भोंग्याने गाडी पुन्हा सुरू केली. पाईपच्या तोंडातून धुराचा एक काळपट लोट निघाला, मग पातळ झाला. झाकण नुसतं टेकवलं, ते किंचित थरथरलं आणि गुमान बसलं.

"रिंगा?" मी विचारलं.

"ठीक आहेत," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज मला नीट ऐकू आला नाही. "मागचं एक सील बदलावं लागेल. टर्बोत साठलेलं तेल जळेपर्यंत धूर येईल, मग थांबेल. दादाला मी सांगतो."

"दादाला नका. आबांना सांगा. तुम्ही या घरी."

भोंग्याची हातातली कामं उरकेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि दारात आम्ही पोचलो तेव्हा गाड्या घेणारा येऊन बसला होता. पायावर पाय टाकलेला, हातात आईने दिलेलं पाणी. दादा त्याला गाडी किती जपून वापरली ते सांगत होता. सकाळी हाणणारी मी संध्याकाळी जपणारी झाले होते!

मी आबांसमोर गेले आणि बूच त्यांच्यापुढे टेबलावर उभं केलं.

आबांनी ते लगेच ओळखलं. उचललं, तागावरून अंगठा फिरवला, सफेदा नखाने खरवडला.

"पक्कं बसलं होतं," ते म्हणाले.

"पक्कं बसलं होतं? आबा, त्यानेच इंजिन घुसमटलं! थेंब म्हणजे गळती नव्हती, त्याची वाट होती ती. तुम्ही वाट बंद केलीत, आणि त्याची वाट मी लावली म्हणून माझी किल्ली काढून घेतलीत. एकदा विचारलंत मला? मी सांगितलं असतं, तो पाईप पहिल्यापासून गळतो. आधी बूच, मग चौकशी म्हणता ना? मग ती चौकशी कुठे राहिली? माझ्या वेळी नेमकी कुठे राहिली?"

माझा आवाज भोंग्याच्या वर गेला होता. भोंगाच मला "हळू, ताई" म्हणाला.

"बापाशी असं बोलतात?" दादा उठला.

"तू बस," आबा त्याला म्हणाले. मग भोंग्याकडे वळले. "ही म्हणते ते खरं?"

"अक्षर न् अक्षर. चूक माझीही आहे, आबा. मी बघितलं नाही."

गाड्या घेणाऱ्याला तेवढ्यात सुगावा लागला. "म्हणजे इंजिन चांगलं आहे? मग तर आत्ताच ठरवू."

आबा त्याच्याकडे बघतही नव्हते. ते बूच हातात फिरवत होते. आई पदराला हात पुसत दारात उभी होती, आणि ती काहीतरी गोड बोलून हे सारवून टाकेल की काय अशी मला भीती वाटत होती. पण ती बोलली नाही. देव भलं करो तिचं.

"गाडी विकायची नाही," आबा शेवटी म्हणाले. "तुम्हाला उगीच फेरा पडला. इंजिन माझ्या बुचाने बिघडलं होतं. पोरीने नाही बिघडवलं."

तो कुरकुरत गेला. दादाने चहाचा रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

आबांनी खिशातून किल्ली काढून आईकडे धरली. "दे तिला."

"आई का देईल?" मी म्हटलं. "घेतली तुम्ही."

मी हात पुढे केला नाही. माझे डोळे भरून आले होते, पण ते रागाने, हे मी आजही कोणालाही ठासून सांगेन. आबा उठले. गुडघे धरत माझ्यापर्यंत आले. पण किल्ली न देताच मला ओलांडून बाहेर गेले. अंगणाच्या कोपऱ्यातून रंगाचा एक रिकामा डबा त्यांनी शोधला, त्याला दोन भोकं पाडून तार ओवली, आणि या वयात गाडीखाली आडवे होऊन तो ब्रीदरच्या तोंडाखाली टांगला. तोंड मोकळं सोडून, चार बोटं खाली. गाडीखालूनच भोंग्याला विचारलं, "एवढं अंतर चालेल?"

"पळेल, आबा."

पहिलीच चौकशी ती. कोणाकडे का होईना, केली.

बाहेर आले तेव्हा कपाळावर तेलाचा टिळा लागला होता. हात फडक्याला पुसले आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

"सील बदलून घे. उद्याच्या चादरी तूच ने." ते जायला वळले, थांबले, म्हणाले, "हळू चालव."

"आबा!"

"बरं, बरं. जशी चालवतेस तशी चालव."