जिन्याजवळचा ओटा

रंगूबाईंनी विळी उचलली आणि दोरी कापली. पिशवी वर निघाली होती, माणसाच्या डोक्याइतकी उंच गेली असेल. ती खाली ओट्यावर आपटली आणि कारली चौकभर पसरली. भाजीवाला शफीक हातगाडीचा दांडा धरून उभाच राहिला.

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून गोमतीबाईंनी उरलेली दोरी वर ओढली आणि टोक पाहिलं.

“कोनं कापली व?”

“म्या कापली. माह्या डोक्यावरून कायले भाजीपाला नेतं व तू? रस्ता हाये का हा?”

“मंग हवा बी तुह्या बापाची का?”

“माह्या ओट्यावरची हवा माहीच!”

“मौसी, करेले तो उठा लो,” शफीक हळूच म्हणाला.

“तूच उचल. जिले खायचे असन तिनं खाली यावं!”

हे शेवटचं वाक्य मुद्दाम मोठ्यानं म्हटलेलं होतं. गोमतीबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत आणि दोन वर्षांत त्या खाली उतरलेल्या नाहीत, हे आख्ख्या सहनिवासाला माहीत आहे. गॅलरीचं दार धाडकन लागलं.

मी दुसऱ्या मजल्यावर राहतो, म्हणजे या भांडणाच्या बरोबर मधे. शिवाय संस्थेचा सचिव आहे, त्यामुळे दोघींच्या शिव्या संपल्या की उरलेल्या माझ्या वाट्याला येतात. सचिव व्हायची मला हौस नव्हती. मी सभेला उशिरा पोचलो, तोवर बाकीच्यांनी अंग काढून घेतलं होतं. “देवानंद सर मास्तर हायेत, त्याईले लिवता येते,” एवढ्यावर माझी निवड झाली.

ही वास्तू बांधली ती वाशिम जिल्हा झाला त्या सुमाराला. अकोल्याहून, मंगरूळहून, कुठून कुठून बदलून आलेल्या कर्मचाऱ्यांनी संस्था काढली आणि एका म्हाताऱ्या इंजिनिअरला गाठलं. माणूस डोक्याचा होता. त्यानं तीन इमारती अशा मांडल्या की मधे चौक राहिला आणि चौकाचं तोंड पूर्वेला. पश्चिमेकडच्या भिंतीत त्यानं एकही खिडकी ठेवली नाही, त्यामुळे मे महिन्यातलं दुपारचं ऊन भिंतीवरच डोकं आपटतं. आणि प्रत्येक जिन्याजवळ शहाबादी फरशीचा एकेक ओटा. लोक म्हणाले, ओट्याऐवजी दुकानाचे गाळे काढा. तो म्हणाला, खेड्यातली माणसं आहेत, चढायच्या आधी टेकतील कुठं? एवढी अक्कल असलेल्या माणसानं लिफ्टला मात्र बोटभर जागा सोडली नाही. पण तेव्हा वाशिमात लिफ्ट पाहिली होती कोणी?

खरा घोळ घरवाटपाच्या चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा झाला. आज सगळ्यांना तळमजला हवा असतो. तेव्हा सगळ्यांना तिसरा मजला हवा होता, कारण वर गच्ची होती. आम्ही सगळे तांड्यावरची, खेड्यावरची माणसं. तूर वाळवायची कुठं, कुरडया घालायच्या कुठं, उन्हाळ्यात अंथरुणं टाकायची कुठं? गच्चीजवळचं घर म्हणजे अंगण असलेलं घर, असा आमचा हिशोब. आपणही कधीतरी म्हातारे होणार, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. ज्यांना तळमजला लागला त्यांच्या बायका रडल्या.

तिसऱ्या मजल्याची चिठ्ठी निघाली ती गोविंदसिंग आडे यांची, म्हणजे रंगूबाईंच्या नवऱ्याची. तळमजला लागला मोहनसिंग राठोडांना, गोमतीबाईंच्या नवऱ्याला. दोघं एकाच कचेरीत, पण मोहनसिंग साहेब आणि गोविंदसिंग कारकून. साहेबांनी एकदा चहा पाजला आणि चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. रंगूबाईंना कोणी विचारलं नाही. सामानाचा ट्रक आला, हमालांनी पेटी तळमजल्याच्या दारात ठेवली, तेव्हा त्यांना कळलं. “वर न्या ना बापा,” त्या हमालांना म्हणाल्या, आणि गोविंदसिंग दुसरीकडे पाहायला लागले.

नवरा गेला, मुलगा पुण्याला स्थायिक झाला, आश्रमशाळेतली स्वयंपाकाची नोकरी संपली, पण ती अदलाबदल रंगूबाई विसरल्या नाहीत. त्यांनी सूड घेतला तो ओट्यावर. नकाशात ओटा सगळ्यांचा होता. रंगूबाईंनी तो रोज सकाळी धुतला, सणाला रांगोळी काढली, आणि हळूहळू तो त्यांचा झाला. कोणी बसावं, कोणी उठावं हे त्या ठरवायच्या. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्या तिथंच. जिन्यानं जाणारा प्रत्येक माणूस त्यांच्यासमोरून जायचा आणि दोन शब्द ऐकून जायचा, बहुतेक वेळा वाईट. एकट्या बाईचं सगळं घर त्या फरशीवर होतं, असं म्हटलं तरी चालेल.

आणि रोज संध्याकाळी तिथं येऊन बसायच्या त्या गोमतीबाई. मैत्रीण म्हणून नव्हे. त्या दोघी बसायच्या भांडायला. घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणाऱ्या या बाया ओट्यावर वऱ्हाडीत भांडायच्या, बहुधा सगळ्या इमारतीला कळावं म्हणून. लसूण सोलता सोलता चिठ्ठीचा विषय निघायचा, गोमतीबाई पदर झटकून उठायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. गुडघे गेले आणि हे बंद पडलं. मग उरली ती दोरी.

दोरी कापली त्याच आठवड्यात मोहनसिंगांनी लिफ्टचा विषय काढला. अकोल्याचा कंत्राटदार येऊन सगळीकडे टेप लावून गेला. जागा एकच निघाली, जिन्याच्या बाहेरच्या भिंतीला लागून. म्हणजे ओटा तोडायचा, आणि रंगूबाईंच्या बैठकीच्या एकुलत्या एका खिडकीपुढे लिफ्टची भिंत उभी करायची. त्यांची संमती असल्याशिवाय नगरपालिका हात लावू देणार नव्हती. सभा घ्यायला दुसरी जागा नाही, म्हणून ओटा तोडायची सभा ओट्यावरच भरली.

“रंगूबाई, सगळ्याईच्या सोयीचं हाये,” मोहनसिंगांनी सुरुवात केली.

“तळमजल्यावर राह्यतो मी. माही कोनती सोय?”

“गोमतीचं तरी पाहा. कोंडल्यासारखी झाली ती. पोहरादेवीचं दर्शन नाई, काही नाई.”

“काहून कोंडली? गच्ची हाये ना वर! गच्चीसाठी तर माहं घर घेतलं तुमी.”

“ते जुनं झालं आता.”

“तुमच्यासाठी जुनं झालं. मी रोज त्याच दारातून आत जातो.” त्यांनी हाताचा तळवा फरशीवर आपटला. “तवा तुमाले गच्ची पायजे होती, तवा गच्ची घेतली. आता ओटा पायजे, तर ओटा घेता. उद्या चूल मागसान. मोहनभाऊ, साहेब तुमी कचेरीत होते. कचेरी सुटली आता.”

वरून, गॅलरीतून, आवाज आला. “नका मागू जी तिले भीक! मरन मी वरच!”

“मर ना! मी कुठं धरून ठेवलं?”

सभा तिथंच मोडली. मी इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ असं लिहिलं. चर्चा कसली, एकमेकींचं उणंदुणं काढून झालं होतं.

त्यानंतर रंगूबाईंशी कोणी बोलेनासं झालं. हे लोकांनी ठरवून केलं आणि मला त्याची लाज वाटते. जिन्यातून जाताना माणसं मान फिरवायची. कोणीतरी धुतलेल्या ओट्यावर चपलांचा चिखल मुद्दाम पुसला. रंगूबाईंनी तो खरवडून काढला आणि जिन्याकडे तोंड करून बसल्या, पहिल्यापेक्षा ताठ.

मग एका दुपारी गोमतीबाईंच्या पोटात कळ आली. डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं, दवाखान्यात आणा. आम्ही चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खाली उतरवायला लागलो. पुढून मी आणि शफीक, मागून मोहनसिंग आणि समोरच्या इमारतीतला एकजण. अंग जड, जिना अरुंद आणि चौकातून दिसणारा. पहिल्या मजल्याच्या वळणावर खुर्चीचा पाय वाकला. गोमतीबाई पुढे घसरल्या, लुगडं मांडीपर्यंत वर गेलं, आणि एक हात कठड्याला, एक हात माझ्या गळ्यात, अशा त्या मधेच अडकल्या. दारं उघडली. चौकात माणसं गोळा झाली. दोन-तीन मोबाईल वर झाले. गोमतीबाई विव्हळत नव्हत्या. पोटातली कळ विसरून त्या कठड्याचा हात सोडून नुसत्या लुगडं खाली ओढत होत्या, आणि ते पुरत नव्हतं. शेवटी त्यांनी पदरच तोंडावर घेतला.

रंगूबाई ओट्यावरून उठल्या. जिन्यात चढून आल्या, स्वतःच्या अंगावरची शाल काढली आणि गोमतीबाईंच्या पायांवर टाकली. मग चौकाकडे वळल्या.

“काय पाहून राह्यले बे? तुमच्या माया नाईत का घरी? ठेवा ते मोबाईल, नाई तर डोये फोडतो एकेकाचे!”

मोबाईल खाली गेले. गोमतीबाईंना आम्ही रिक्षात घातलं. त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगूबाई माझ्या दारात उभ्या होत्या. त्या जिना चढून माझ्या मजल्यापर्यंत आल्या, ही पहिलीच वेळ.

“कुठं सही करू सांग.”

“आत या ना, मावशी. बसा.”

“बसाले नाई आली. सही कुठं करू?”

त्यांनी सही केली. मी काहीतरी बोलायला गेलो, मोठेपणा वगैरे.

“तोंड बंद ठेव, मास्तर,” त्या म्हणाल्या. “तिच्यासाठी नाई करून राह्यली मी. माह्या दारात असा तमाशा पुन्हा झालेला मले नाई पायजे. मोहनसिंगले सांगजो, उपकार मानाले आला तर हाकलून देईन.”

मोहनसिंग गेलेच नाहीत. पित्ताचे खडे निघाले, ऑपरेशन झालं, गोमतीबाईंना खुर्चीतूनच पुन्हा वर चढवलं, या वेळी रीतसर बांधून. तेवढ्यात ओटा तुटायला लागला. मालेगावचे मजूर आले होते. फरशी निघता निघत नव्हती, म्हाताऱ्या इंजिनिअरनं चुना चांगला भरला होता. रंगूबाई दारात उभं राहून शेवटपर्यंत पाहत होत्या. मग दार लावून घेतलं. भिंत खिडकीवर चढत गेली, तसा त्यांच्या बैठकीत दिवसाही बल्ब लागायला लागला. त्या आता फारशा दिसत नसत. येणारेजाणारे सरळ लिफ्टच्या दाराशी जात, आणि बरं झालं, शिव्या ऐकाव्या लागत नाहीत, असं उघड म्हणत. मला तो निगरगट्टपणा खुपला, पण मीही लिफ्टनंच जात होतो.

लिफ्टची पूजा झाली. नारळ फुटला, पेढे वाटले. पहिली फेरी अर्थातच गोमतीबाईंची. नवं लुगडं, हातात काठी, डोळ्यांत काजळ. दवाखान्याची फेरी सोडली तर दोन वर्षांनी त्या खाली आल्या. दार उघडलं, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले, आणि थोड्या वेळानं सगळे आपापल्या कामाला पांगले. मोहनसिंग कंत्राटदाराला सोडायला रस्त्यापर्यंत गेले.

मी सतरंजी गोळा करत होतो. गोमतीबाई अजून तिथंच उभ्या होत्या. पुढे लिफ्टची भिंत, तिच्यावर नवा रंग, बाजूला गाड्या. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. बसायला म्हणून काहीच नव्हतं. मग त्या काठी टेकत रंगूबाईंच्या दारापर्यंत गेल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. त्यांनी ते ढकललं आणि कण्हत उंबऱ्यावर बसल्या.

आतून लगेच आवाज आला. “ऊठ. उंबऱ्यावर बसत नसतेत.”

“माहीत हाये मले.”

“माहीत हाये त ऊठ ना मंग.”

“उठतो,” गोमतीबाई म्हणाल्या. “मंग कुठं बसू?”

मी सतरंजी हातात धरून तसाच थांबलो. वाटलं, आता दार आपटेल. बल्बच्या उजेडात रंगूबाई उठताना दिसल्या. त्या दारापर्यंत आल्या, गोमतीबाईंच्या पाठीकडे पाहिलं. आत ये म्हणाल्या नाहीत. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, खाली जमिनीवर त्या हळूहळू बसल्या आणि तोंड भिंतीकडे केलं.