वहिनींच्या दुकानातली दुसरी लाइन

नवरा गेल्यापासून घड्याळांचं दुकान वहिनी आणि त्यांचे धाकटे दीर मिळून चालवत. मिळून म्हणजे गल्ला वहिनींकडे, दुरुस्ती दिरांकडे आणि संशय घ्यायचं खातं पुन्हा वहिनींकडेच. शेजारचं दुकान फुटलं, तेव्हा त्यांनी अलार्म बसवायला घेतला.

अलार्मवाल्याने नीट समजावून सांगितलं. चोर शिरला की खबर इंटरनेटवरून कंपनीच्या कक्षात जाणार. ती लाइन कुणी बंद पाडली, तर यंत्रातलं सिमकार्ड काम सांभाळणार आणि वहिनींच्या मोबाइलवर तसा संदेश येणार. चोरीची खबर गेली की कक्षातून वहिनींना फोन. त्यांनी उचलला नाही, तर दुसऱ्या नंबरवर. त्या दुसऱ्या माणसाला अलार्म बंद करायचा परवलीचा शब्दही ठाऊक हवा. दीर शेजारीच उभे होते. माझा नंबर द्या की, म्हणाले. वहिनी म्हणाल्या, आधी आठवडाभर चालवून बघू.

आणि त्या आठवड्यात रोज दुपारी इंटरनेटची लाइन बंद पडू लागली. थोड्या वेळाने आपोआप सुरू व्हायची. वहिनींच्या मनात पाल चुकचुकली. दुपारी दुकानात दोघंच. यांनाच नंबर हवा, यांनाच शब्द हवा, आणि लाइन तोडल्यावर काय होतं तेही हेच बघताहेत! दिरांनी चहा पुढे केला, तर वहिनी आधी कपात डोकावू लागल्या.

पण विचारायची सोय नव्हती. संदेश यायचा तो वहिनींचा डोळा लागलेला असताना, आणि आपण दुकानात कधी झोपत नाही असं त्यांनीच सगळ्यांना बजावलेलं. त्या खुर्चीत घोरत असल्या, तर दीर गिऱ्हाइकाला हळूच सांगत, "वहिनी विचारात आहेत."

शेवटच्या दिवशी वहिनींनी ठरवलं, आज रंगेहाथ धरायचं आणि उद्या दुकानाच्या वाटण्या करून मोकळं व्हायचं. मान कलती केली, डोळे मिटले, थोडं घोरूनही दाखवलं.

दीर उठले. पाय न वाजवता खुर्चीमागे आले. खट्‌कन प्लग निघाला. पर्समधला मोबाइल थरथरला. वहिनी ताडकन उठणार, इतक्यात मानेवर गार वारा आला.

त्यांनी डोळा किलकिला केला. त्या भिंतीला सॉकेट एकच. इंटरनेटच्या डबीचा प्लग काढून दिरांनी तिथे टेबलपंखा लावला होता. स्वतः पलीकडे घामाने निथळत, डोळ्याला भिंग लावून, घड्याळाचे इवलेसे स्क्रू वेचत बसले होते.

वहिनींनी डोळा पुन्हा मिटून घेतला. बऱ्याच वेळाने त्या खाकरल्या, हळूहळू हातपाय ताणले, पदर सावरला. डोळे उघडले तोवर पंखा काउंटरखाली गेलेला होता आणि प्लग जागच्या जागी. वहिनींची झोप उघडी पडू नये, म्हणून एवढी लगबग!

"झाला विचार?" दिरांनी विचारलं.

"झाला," वहिनी म्हणाल्या.

संध्याकाळी अलार्मवाला आला. दुसरा नंबर कुणाचा टाकू, म्हणाला.

"दुसरा माझा टाका. पहिला भावजींचा. शब्दही त्यांनाच ठरवू दे."

अलार्मवाला गोंधळला. मालकीणबाईंचा नंबर मागे कसा?

"दुपारी मला फोन ऐकू येत नाही."

"का, दुपारी कुठे जाता?"

"कुठे नाही," वहिनी दिरांकडे बघत म्हणाल्या. "झोपते."

दिरांच्या डोळ्यावरचं भिंग टपकन खाली पडलं.