मागं घेताना

गाडी पुढं न्यायची मला भीती वाटत नाही. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांना मागं टाकत, खड्ड्यांना आणि ते न बुजवणाऱ्यांना तोंडभर शिव्या देत मी रोज गंगाखेडला शाळेत जाते. भीती वाटते ती आमच्या स्वतःच्या अंगणातून गाडी मागं घ्यायची. लोक हसतात. हसू देत, त्यांच्या अंगणात दीड वर्षाचं लेकरू नाही.

आमचं अंगण म्हणजे बाटली आहे. आत जाता येतं, वळता येत नाही. एका बाजूला गोठा, दुसऱ्या बाजूला हातपंप आणि शेजाऱ्यांची भिंत. संध्याकाळी गाडीचं तोंड ओट्याकडं करून लावायची आणि सकाळी तशीच पाठमोरी फाटकातून बाहेर काढायची, एवढाच मार्ग. माझा नवरा बालाजी जिंतूरला कापसाच्या जिनिंगमध्ये असतो, आठवड्यातून एकदा घरी येतो. त्यामुळं गाडी माझी, शाळा माझी आणि ही रोजची कसरतही माझीच.

मागं उभे राहायचे ते माझे सासरे, आबासाहेब. आबांनी उमेदीची सगळी वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली. उसाच्या ट्रॉल्या काट्यावर लावून घेणं हे त्यांचं काम. बाहेर लोक रिव्हर्स घेणाऱ्याला ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणतात. काट्यावर एवढा मान द्यायला कुणाला सवड नसते. तिथं नुसतं ‘ये, ये, ये’ आणि शेवटी गाडीवर थाप मारून ‘बस’. रिटायर झाल्यावर आबांना थापा मारायला माझी गाडी सापडली. रोज सकाळी फाटकाजवळ उभे राहून ते मला बाहेर काढायचे. सून असले तरी त्या वेळेपुरती मी त्यांची ट्रॉली असायची. काचा बंद करून गाणी लावायची मला सवय, त्यामुळं आबांचा आवाज मला कधी ऐकू यायचा नाही. आरशात त्यांचा हललेला हात दिसला की पुरे.

दिवाळीनंतर एका सकाळी आबा दाढी करायला गेले होते आणि मला उशीर झाला होता. मी गाडी सुरू केली, दोन्ही आरसे बघितले, मागं घेतली, आणि खाली काहीतरी कडाडलं. प्लॅस्टिक मोडल्याचा आवाज होता, पण तो मला नंतर कळला.  मला दार उघडता येईना. मी स्टिअरिंगला धरून बसून राहिले आणि मनात एकच, की अपू कुठं आहे.

अपू, म्हणजे आमची अर्पिता, न्हाणीत आजीच्या पायावर पालथी पडून आंघोळ करत होती. तिच्या रडण्याचा आवाज आला तेव्हा मी खाली उतरले. चाकाखाली तिचा वॉकर होता, रिकामा, चेंदामेंदा झालेला. मी त्या दिवशी शाळेत गेले नाही. सासूबाईंनी, नर्मदाबाईंनी, मारुतीपुढं नारळ फोडला आणि लेकरावरचं संकट वॉकरवर गेलं म्हणाल्या. मी खोबरं खाल्लं, पण नारळ फोडल्यानं गाडीला मागचं दिसत नसतं, हेही म्हणाले. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

मग मी कॅमेऱ्याचा हट्ट धरला. शोरूमवाला फोनवर म्हणाला, तुमच्या मॉडेलला कॅमेरा येत नाही, अख्खी म्युझिक सिस्टीमच बदलावी लागेल. बालाजी म्हणाला, चांगला चालता सेट काढून फेकायला आपण काय निजाम लागून गेलो काय. आणि त्यानं आयटीआयमधल्या आपल्या दोस्ताला, सिद्धोधनला बोलावलं. सिद्धोधन परभणीत गाड्यांची वायरिंग करतो. रविवारी तो मोटारसायकलवर आला, पाठीला एक सॅक, बास.

“सेटच्या मागं कॅमेऱ्याची जागा कंपनीनं ठेवलेलीच असती, वहिनी,” तो म्हणाला. “फकस्त वायर देत न्हाईत. ती आपून देऊ.”

त्यानं प्लॅस्टिकच्या पट्टीनं सेटभोवतीची चौकट उचकटली, सेट पुढं ओढला आणि मागचा रिकामा सॉकेट मला बोट लावून दाखवला. ऑनलाइन मागवलेला बारका जोड त्यात बसला. मग वायर दाराच्या कडेनं, पायपुसण्याखालून, मागच्या सीटखालून डिकीपर्यंत. एक वायर रिव्हर्सच्या दिव्याला जोडली, म्हणजे गियर टाकला की दिवा आणि कॅमेरा दोन्ही एकदम जागे. कॅमेरा म्हणाल तर बोराएवढा, नंबरप्लेटच्या वर बसला. गियर टाकून बघितलं तर सेटच्या पडद्यावर चित्र आलं, पण हातपंप भलत्याच बाजूला. आरशासारखं दिसायला पाहिजे, हे सरळ दिसायलंय, असं म्हणत सिद्धोधननं कॅमेऱ्याच्या वायरीचा एक छोटा वेढा कात्रीनं कापला आणि हातपंप आपल्या जागी गेला. मला एवढा आनंद झाला की मी त्याला दोनदा जेवायचा आग्रह केला.

जाताना त्यानं मला बजावलं. “गियर टाकल्यावर चित्र यायला जरा टाइम लागतो, तवर गाडी हलवू नका. अन् मागच्या चाकाच्या बाजूला काय हाय ते ह्याच्यात दिसत न्हाई. तिथं आपलीच नजर.”

आबांनी पडद्यात डोकावून बघितलं, हूं म्हटलं आणि टीव्हीच्या भरवशावर गाडी मागं घेतात का, असं विचारून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फाटकाजवळ जाऊन उभे राहिले. मीही राहू दिलं. दोन डोळ्यांपेक्षा तीन बरे.

पण माझी भीती गेली नाही. उलट तिला तोंड फुटलं.

झालं असं की अपू आता चालायला लागली होती. संध्याकाळी आबा ओट्यावर बसून तिला शिकवायचे. तिला लांब उभी करायचे, हात पसरून बोलवायचे आणि ती झोकांड्या खात त्यांच्या मांडीत येऊन पडायची. घरभर हसू. पण सकाळी ती वेगळंच करायला लागली. मी निघायच्या वेळेला ती आजीजवळ शांत खेळत असायची. गाडीचं दार वाजलं तरी वळून बघायची नाही, इंजिन सुरू झालं तरी नाही. आणि गाडी मागं सरकायला लागली की खेळणं टाकून उठायची, ओट्याची पायरी बसून उतरायची आणि गाडीच्या कडेकडेनं मागं धावायची. पहिल्यांदा ती पायरीपाशीच सापडली. मग पुढच्या दाराजवळ. एकदा मी पडद्याकडं बघत होते, पडदा रिकामा होता, हिरव्या-पिवळ्या रेषांच्या पलीकडं फक्त आबा. सहज बाजूच्या आरशात नजर गेली तर सासूबाई मागच्या दारापाशी तिला काखेत धरून धापा टाकत होत्या. चाक तिच्यापासून हातभर होतं.

त्या दिवशी मी वर्गात पाढे म्हणून घेताना मध्येच रडले. पोरांना वाटलं माझं डोकं दुखतंय.

ही नेमकी तेव्हाच का उठते, हे कुणालाच कळेना. सासूबाई म्हणाल्या, गाडीचं येड लागलंय. मग म्हणाल्या, कुणाची तरी नजर आहे, आणि मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. एरवी मी टोमणा मारला असता. या वेळी मी मोहऱ्या तडतडतात का ते कान देऊन ऐकलं. भीती माणसाला काय काय ऐकायला लावते! मला रात्री स्वप्नात तो कडाडण्याचा आवाज यायचा. मी आईला फोन करून विचारलं, की लेकरांना मरण दिसतं का, ती त्याच्याकडं जातात का. आई म्हणाली, सकाळी सकाळी असलं अभद्र बोलू नकोस.

आम्ही दाराला कडी लावायला लागलो. अपू आतून दार बडवायची, हंबरडा फोडायची आणि मी तो रडण्याचा आवाज टाळायला गाणी मोठी करून निघायचे. काही दिवस बरे गेले.

पोळलेली माणसं कडी विसरत नाहीत, पण पाहुणे विसरतात. सोनपेठहून सासूबाईंची बहीण सरजाबाई आल्या होत्या. त्या तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि दार नुसतं लोटून घेतलं. हे मला माहीत नव्हतं. त्या सकाळी गाणी लावली नव्हती, डोकं जड होतं म्हणून काचही खाली केली होती. मी गियर टाकला. चित्र यायची वाट बघितली. आलं. फाटक, आबा, मोकळं अंगण. मी क्लच सोडला.

आणि काट्यावरचा तो आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला.

“ये... ये... ये... ये...”

आबा एक हात पुढं करून, बोटं आपल्याकडं हलवत बोलवत होते. त्यांची नजर भिंतीकडच्या चाकावर होती. गाडी त्यांच्याकडं सरकत होती. तेवढ्यात पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातून एक लाल झबलं शिरलं. अपू. तिची पाठ मला दिसत होती, वर बांधलेली पालवीएवढी शेंडी आणि दोन्ही बाजूंना पसरलेले हात. ती आबांकडं निघाली होती. आबांनी बोलावलं होतं ना, संध्याकाळी ओट्यावर बोलवायचे तसंच. ती पिवळ्या रेषेवर आली, झोकांडली, आणि पडद्याच्या खालच्या कडेला बुडाली.

मी ब्रेकवर उभी राहिले. गाडी हिसका देऊन बंद पडली आणि तिच्याबरोबर पडदाही काळा झाला. आवाज आला होता का? कडाडलं होतं का? मला आठवेना. आत्ताच घडलेली गोष्ट मला आठवत नव्हती. आबांचा हात तसाच हवेत होता आणि ते गाडीच्या खाली बघत होते. त्यांचं तोंड उघडं होतं. मी आयुष्यात देवाकडं कधी काही मागितलं नव्हतं. तेव्हा मागितलं. शब्दही नव्हते, नुसतं मागितलं.

मग गाडीच्या मागून, अगदी बम्परखालून, बारीक आवाज आला.

“आऽऽले.”

मी कशी उतरले माहीत नाही. अपू बम्परला टेकून मातीत बसली होती आणि आबांकडं बघून हसत होती. तिच्या कपाळाला माती लागली होती. “आले,” ती पुन्हा म्हणाली, तक्रारीच्या सुरात, की मी आले तरी मला उचलत का नाही. मी तिला छातीशी धरलं तेव्हा ती हात पसरून आबांकडंच झेपावत होती.

आबा जागच्या जागी खाली बसले. त्यांना कळायला मला काही सांगावं लागलं नाही.

“राजेश्री,” ते म्हणाले, “मीच बोलवायलो की गं हिला. रोज.”

सासूबाई बाहेर आल्या, सरजाबाई आल्या, सगळे एकदम बोलायला लागले. आबा उठले नाहीत. मी त्यांना म्हणाले की तुम्हाला काय ठाऊक, कुणाच्या ध्यानात आलं होतं. हे खरं होतं, पण माझ्या आवाजात राग होता, तो त्यांना ऐकू गेला असणार. राग कुणावर होता ते मला आजही सांगता येत नाही. लेकरावर सगळ्यांत जास्त जीव असलेला माणूस तिला रोज चाकाकडं बोलवत होता आणि तिचा गुन्हा एवढाच, की ती त्याचं ऐकत होती.

संध्याकाळी मी ओट्यावर भाजी निवडत बसले होते. आबा खांबाला टेकून बसले होते, दुपारी जेवलेही नव्हते. अपूनं रोजच्यासारखी आपली जागा घेतली, भिंतीला पाठ लावून, आणि हात पसरून उभी राहिली. आबांनी तिच्याकडं बघितलं. त्यांचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. ती थांबली. हात जरा आणखी पसरले, त्यांना दिसलं नसेल म्हणून.

“आबा, बोलवा की तिला,” मी म्हणाले.

त्यांनी नुसती मान हलवली. अपूचे ओठ थरथरायला लागले, तरी ती पाऊल उचलेना. बोलावल्याशिवाय यायचं नसतं, हे तिला आबांनीच शिकवलं होतं. शेवटी गुडघ्यावर हात ठेवून आबा उठले, स्वतः चालत तिच्यापर्यंत गेले आणि तिला उचलून घेतलं.