ब्रिसाचा फॉर्म
मारीक्रूझला धाकट्या बहिणीचा हेवा वाटायचा आणि ती तो लपवायचीही नाही. दोघी एकाच आईच्या, एकाच कम्युनिटी कॉलेजात. पण मारीक्रूझ तीन वर्षांची असताना मेक्सिकोहून आईच्या कडेवर चोरवाटेने आली आणि ब्रिसा इथे फ्रेस्नोत जन्मली. झालं. एकीला पासपोर्ट, दुसरीला ठेंगा.

कॉलेजात इथे राहायचे कागद नसलेल्या मुलांसाठी एक खोली होती. तिथे ओफेलियाबाई फीसाठीच्या सरकारी मदतीचे फॉर्म भरायला मदत करायच्या, वकिलाशी गाठ घालून द्यायच्या, कॉफी पाजायच्या, पण कुणाची नोंद मागे राहू नये म्हणून दाराशी ठेवलेल्या वहीत कुणाला नाव लिहू द्यायच्या नाहीत. मारीक्रूझची हक्काची म्हणावी अशी जागा तेवढीच. ब्रिसा तिथेही येऊन बसायची, ते तिच्या डोळ्यांत खुपायचं.

मदतीचे फॉर्म भरायची मार्चमधली शेवटची तारीख उद्यावर आली होती. त्या दुपारी ब्रिसा कॉम्प्युटर उघडा टाकून वर्गाला गेली. पडद्यावर तिचा भरलेला फॉर्म पाहून मारीक्रूझ चाट पडली. तो राज्याचा फॉर्म होता, मारीक्रूझसारख्यांचा. इथे जन्मलेल्यांनी वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्र सरकारचा भरायचा. त्यात मदत दुपटीने मिळते, पुढे विद्यापीठात नर्सिंगला जाता येईल इतकी. धाकट्या बाईसाहेबांना ताईचं बघून लिहायची सवय, चुकल्या असणार. बोलूच नये, असं मारीक्रूझच्या मनात आलं. राहू दे हिलाही आपल्याच रांगेत. दुपारभर ती गप्प राहिली आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं.

संध्याकाळी आई बदाम निवडायच्या शेडमधून कामावरून आली आणि जेवायच्या आधीच टेबलावर डोकं टेकून झोपली. तेव्हा मात्र मारीक्रूझला राहवेना.

"फॉर्म चुकलाय तुझा," तोर्तिया भाजणाऱ्या ब्रिसाला ती हळूच म्हणाली. "इथे जन्मलीस ना तू? का तेही विसरलीस?"

"चुकला नाही, मुद्दाम भरलाय. वॉशिंग्टनच्या फॉर्मातून आईचं नाव, पत्ता सगळं थेट त्यांच्याकडे जातं, आणि तिच्याजवळ कागद कुठे आहेत? उद्या ते कुणाच्या हाती पडेल, काय सांगावं? ओफेलियाबाईंनी दोन्हीकडचं समजावलं, म्हणाल्या, तुझं तू ठरव. मी ठरवलं."

"आईला माहितीय?"

"वेडी का तू? ती ओरडून वॉशिंग्टनचाच भरायला लावेल."

मारीक्रूझला दुपार आठवून लाज वाटली. बहिणीला जवळ घ्यावं, असंही वाटलं. पण हात पुढे होईना. पोटात तोच जुना हेवा जळत होता, उलट जास्तच. आईवरून ओवाळून टाकायला ब्रिसाजवळ निदान काहीतरी होतं.