कच्च्या खिम्याचे मीठ

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. ज्या गोष्टींना तुम्ही नाक मुरडता, त्या निरखण्यात माझा जन्म गेला. त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

कारखान्यात माझी भिंगे घासून नळीत बसवली आणि मला या लहानशा दवाखान्यात धाडले. सुरुवातीला माझे फार कोडकौतुक झाले. पुढे शेजारी नवे यंत्र आले आणि माझ्या वाट्याला फक्त शौचाचे नमुने उरले.

एकदा कॅन्टीनची स्वयंपाकीण आली. तिच्या शौचातून पांढरे, चपटे, वळवळणारे तुकडे पडत होते. लाजेपायी तिने नवऱ्यालाही सांगितले नव्हते. माझ्याखाली जाड कवचाची गोल अंडी दिसली. तो पट्टकृमी, म्हणजे आतड्यात वाढणारा फितीसारखा जंत होता. डॉक्टरांनी तिचे वजन पाहून औषध दिले आणि ती हसतमुखाने कामावर गेली.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली, तर पुन्हा अंडी! तो अहवाल पाहून कॅन्टीनच्या मालकाने स्पष्टच सांगितले, की पुढचा अहवाल स्वच्छ आला नाही तर दुसरी बाई बघावी लागेल. तोवर तिला कूपने फाडायला बसवले. ती पार खचली.

डॉक्टरांनी खापर माझ्यावर फोडले. "हे भिंग धुरकटलंय. भंगारात द्या."

तंत्रज्ञ बाईंनी मला मऊ कापडाने पुसले आणि परत पाहिले. अंडी होतीच. मग त्यांनी स्वयंपाकिणीला समोर बसवून विचारले,

"मावशी, कच्चं मांस पोटात जातं का हो?"

"छे! कच्चं कोण खातं? खिम्याचं मीठ तेवढं बघते, बोटाला लावून. सासूबाईंनीच शिकवलंय. शिजल्यावर बघून काय उपयोग?"

"अहो, तिथंच तर घोटाळा आहे. कच्च्या खिम्यातूनच हा जंत पोटात जातो. चिमूटभर खिमा तव्यावर पुरता शिजवा, मग चाखा."

"आणि माझा हात चुकला तर?"

"तर मीठ कमी पडेल. दुसरं काही होणार नाही."

पुन्हा औषध झाले. ठरल्या वेळी ती नमुना घेऊन आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. बाईंनी काचेमागून काच तपासली. शेवटी तिलाच जवळ बोलावले. तिने माझ्या नळीला डोळा लावला.

"मला काहीच दिसत नाहीये."

"मग झालं तर. उद्यापासून कढई तुमची."

ती तिथेच स्टुलावर बसून रडली. मलाही फार बरे वाटले.

मित्रांनो, मांस नीट शिजवा, हात धुवा आणि असले दुखणे लपवू नका. आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्याची काच अधूनमधून पुसत जा. कोणीतरी भिंतीला टेकून उत्तराची वाट पाहत असते.